खेळण्यांचा पसारा: आधी निम्मी माळ्यावर टाक

अगं, रात्री पाणी प्यायला उठल्यावर तळपायात ठोकळा रुतला की काय होतं, ते मला विचार! मीही वर्षानुवर्षं ओरडले, 'सगळं कचऱ्यात टाकीन' अशा धमक्या दिल्या. पोरं चार दिवसांत सरावतात.

आधी निम्मी खेळणी पिशवीत भरून माळ्यावर टाक. पोरं झोपल्यावर हं, त्यांच्यासमोर नको. महिन्याने अदलाबदल करायची. जुनीच गाडी मग नवी वाटते. ठोकळ्यांसाठी जुनी चादर अंथर. खेळायचं चादरीवरच, आणि आवरायचं म्हणजे चार टोकं धरून गाठोडं बांधायचं. झाकणाचे सुबक डबे मुळीच घेऊ नकोस. मी घेतले होते, आता त्यांत डाळी आहेत. उघडी टोपली बरी.

भातुकलीचे बारके तुकडे मात्र उंचावर ठेव. धाकटा अजून 3 वर्षांचा नाही ना? घशात अडकलं तर जिवावर बेतेल.

'पसारा आवर' म्हटलं तर थोरलीलाही नेमकं काय करायचं ते कळत नाही. 'सगळ्या गाड्या टोपलीत' एवढंच सांग, मग बाहुल्या. आणि पाहुणे अचानक आलेच, तर गाठोडं सरळ पलंगाखाली!