अभिमान, गर्व आणि अहंकार हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

अभिमान, गर्व आणि अहंकार समानार्थी आहेत का, आणि मुलीच्या सत्काराच्या फलकावर ‘आम्हाला तुझा गर्व आहे’ असे लिहिणे योग्य ठरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते फलकावर ‘अभिमान’च हवा. आमच्या नागपुरात हिंदी थेट स्वयंपाकघरापर्यंत आलेली असल्यामुळे ‘गर्व है’चे ‘गर्व आहे’ सहज होऊन जाते. हिंदीत तो शब्द गौरवाने वापरतात आणि तिथे तो शोभतोही. मराठीत मात्र ज्याचे घर खाली असते तो हाच गर्व, आणि ‘गर्विष्ठ’ हे विशेषण कोणी कौतुकाने लावत नाही.

हा फरक ओळखण्यासाठी मी आधी शब्दासोबत येणारे क्रियापद पाहतो. अभिमान वाटतो किंवा बाळगला जातो, गर्व चढतो आणि उतरतो, अहंकार सुखावतो किंवा दुखावतो, तर स्वाभिमान जपावा लागतो, कारण तो गहाण पडू शकतो. शिवाय अभिमान कशाचा, हे बहुधा सांगावे लागते, आणि त्याचे कारण स्वतःच्या कर्तृत्वाबाहेरचेही असू शकते. २०१७-१८च्या हंगामात विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा आयुष्यात कधी बॅट हाती न धरलेल्या नागपूरकरांनाही अभिमान वाटला आणि त्यात काहीच वावगे नव्हते.

अभिमानाला ही प्रतिष्ठा मुळापासून होती असे मात्र नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील आसुरी संपत्तीच्या वर्णनात, प्रचलित पाठानुसार, दंभ आणि दर्प यांच्या पंक्तीला अभिमान बसलेला आहे. सांख्य तत्त्वज्ञानाचा जुना ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेत तर ‘अभिमान म्हणजे अहंकार’ अशी व्याख्याच केली आहे; तिथे अहंकार हा स्वभावदोष नसून ‘मी’ आणि ‘माझे’ ही जाणीव उत्पन्न करणारे तत्त्व आहे. संतांच्या वचनांत अभिमान सोडण्याचा उपदेश येतो तो या जुन्या अर्थाच्या अंगाने, आणि तो आजच्या अर्थाने वाचला की गोंधळ होतो. आज तोच दोष दाखवायचा असेल तर आपल्याला ‘दुरभिमान’ किंवा ‘वृथा अभिमान’ लिहावे लागते.

बोलण्यात या संस्कृत शब्दांपेक्षा ‘माज’ आणि ‘ताठा’ अधिक ऐकू येतात. माज हा गोठ्यातला शब्द आहे; गाय किंवा म्हैस माजावर येते, म्हणून ‘त्याले माज चढला’ असे कोणी म्हणते तेव्हा पैशाची वा सत्तेची अंगात भिनलेली धुंदी डोळ्यांपुढे येते. ताठ्याचे तर नवल आहे, कारण ताठ मानेने जगणे हे भूषण आणि ताठा हा दोष.

स्वाभिमान या शब्दाविषयी मला सर्वाधिक आस्था आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून वागायला लावले गेले, ती माणसे स्वाभिमानाने जगण्याविषयी बोलतात तेव्हा श्रेष्ठत्वाचा दावा करत नाहीत, बरोबरीचा हक्क सांगतात. अशा स्वाभिमानालाच ‘माज’ म्हणणारे लोक आजही भेटतात. भाषेच्या दृष्टीने तो प्रयोग चुकीचा आहेच, पण मला तो उघड अन्याय वाटतो.