शाळेचं गणित तर सोपं असतं, मग शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये गणिताच्या प्रोफेसरचं काय काम?
काम भरपूर आहे, फक्त ते वरचं गणित शिकवायचं नाही तर शाळेचंच गणित खोलात उलगडायचं. हायमन बास घ्या, बीजगणितातलं मोठं नाव, ते १९९९ मध्ये मिशिगन विद्यापीठात गेले आणि शिक्षणाच्या अभ्यासक डेबोरा बॉल यांच्यासोबत प्राथमिकचे तास बारकाईने बघून शिक्षकाला नेमकं कुठलं गणित लागतं ते शोधत बसले. आता पोराने ५२ − ३८ = २६ लिहिलं, चूक कोणालाही दिसेल हो, पण त्याने ८ मधून २ वजा केलेत हे ओळखून पुढचं उदाहरण ४१ − १७ द्यायचं, ४७ − ११ नाही कारण त्यात हातचा लागत नाही आणि चूक लपते, हे सुचायला हवं ना. अर्थात एकटा प्रोफेसर पुरत नाही, वर्गात शिकवण्याचा अनुभव असलेलं माणूस सोबत लागतंच, बॉल स्वतः आधी प्राथमिक शिक्षिका होत्या.