पोरांची ताटं आणि पहिली टर्म

अगं, तुझा मेसेज मिळाला, इंग्लंडच्या बोर्डिंग स्कूलमध्ये सप्टेंबरपासून जॉब पक्का, मस्त! कॉलेज रोडला भेटून बोलू म्हणालीस पण माझं बोलणं भरकटतं हे तुला माहितीये, त्यापेक्षा लिहूनच पाठवते. अशाच एका शाळेच्या हाऊसमध्ये, म्हणजे पोरांच्या वसतिगृहात, मी बरीच वर्षं काढलीत, त्यातलं कामाचं तेवढं सांगते.

आपल्याकडची पोरं नवीन आली की सुरुवातीला धड जेवत नाहीत आणि सांगतही नाहीत. ताट घेणार, बटाटा नि ब्रेड खाणार, बाकी सगळं परत. विचारलंस तर "आय ॲम फाइन". म्हणून विचारत बसू नकोस, परत जाणाऱ्या प्लेटी बघ.

आणि दरवेळी चवीचाच प्रॉब्लेम असतो असं नाही हं, बऱ्याचदा समोर काय वाढलंय तेच पोराला कळत नाही. पुडिंग म्हणजे गोड हे डोक्यात पक्कं, आणि तिकडे ब्लॅक पुडिंगमध्ये रक्त असतं, यॉर्कशायर पुडिंग तर गोडच नसतं, ते रोस्टबरोबर ग्रेव्ही घालून खातात. जेलीत प्राण्यांच्या हाडा-कातड्यातलं जिलेटिन, काही चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट. शाकाहारी घरातलं पोर एकदा फसलं की मग साध्या सूपकडेही संशयाने बघतं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्याला काउंटरवर घेऊन जा, शेफशी ओळख करून दे, पण प्रश्न त्याला विचारू दे, तू नुसती शेजारी उभी रहा. तोडकंमोडकं इंग्रजी चालतं. बॅगेतल्या डब्यांपेक्षा हे एक जमणं जास्त उपयोगी, माझं तरी ठाम मत आहे.

आता डबे. नाशिकची आई म्हटल्यावर चिवडा येणारच, आणि चिवड्यात शेंगदाणे! तिकडे बऱ्याच शाळांत नट्सना बंदी असते. त्यांच्या कायद्यात १४ ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी होऊ शकते असे पदार्थ, सांगावेच लागतात, त्यात शेंगदाणा, तीळ, मोहरी तिन्ही आहेत. आपण दाण्याचा कूट कशातही ढकलतो, पण तिथे शेजारच्या बेडवरच्या पोराच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून दाण्याची चटणी, चिक्की घरीच ठेवा हे पालकांना आधीच कळव. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायलाही परवानगी नाही, म्हणजे तूप, पेढे, बर्फी बाद. मेतकूट चालतं पण त्यात मोहरी असेल तर डब्यावर लिहायला सांग. जेवणाच्या हॉलमधल्या भातावर मेतकूट नि बटर, पोरं खूश! बिनदाण्याचा चिवडा, नागलीचे पापड, बेदाणे हेही चालेल.

फक्त हा खाऊ जेवणाऐवजी नको. तिकडे सपर, म्हणजे रात्रीचं जेवण, सहाच्या सुमारास, मग नऊला पोटात कावळे, तेव्हा ठीक. पण रोज रूमवर कपातल्या नूडल्स खाणारं पोर हॉलमध्ये यायचं बंद होतं, आणि मैत्र्या सगळ्या हॉलमधल्या टेबलावर होतात गं.

आयांचे फोन हे वेगळंच प्रकरण. "काय जेवलास" विचारलं की पोराचा गळा दाटतो, मग आई रडते, मग तुला फोन. त्यांना सांग, कोणाबरोबर जेवलास ते विचारा. हिवाळ्यात ऊन नसतं, तिकडची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्यायचा विचार करा म्हणते, त्याचं मेट्रनशी, म्हणजे हाऊसमध्ये पोरांच्या तब्येतीचं बघणाऱ्या बाईंशी, बोल, गोळ्या तिच्याकडेच ठेवायच्या.

दिवाळी साधारण हाफ-टर्मच्या, म्हणजे टर्मच्या मधल्या सुट्टीच्या, आगेमागे येते. मेनू बराच आधी ठरतो, तेव्हा शेफच्या कानावर सप्टेंबरातच घाल. भजी सांग, बटाटेवडे सांग. पुरणपोळीच्या नादाला मात्र लागू नकोस, अख्ख्या शाळेचं पुरण वाटत कोण बसणार!