टाइमस्टॅम्पला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: ॲक्सेस टोकन (सेवेत प्रवेशाचा अधिकार देणारी डिजिटल खूण) साठवणाऱ्या डेटाबेसच्या तक्त्यात वेळेचे जे रकाने आपोआप भरले जातात, त्यांना मराठी दस्तऐवजात 'कालमुद्रा' म्हणावे का? आणि त्यातल्या 'अपडेटेड ॲट' या रकान्यासाठी 'अद्ययावत' चालेल का?

'कालमुद्रा' मला पटत नाही. मुद्रा कोणाची हे आपण विचारतो, केव्हाची हे नाही. राजमुद्रा अधिकार सांगते, वेळ नव्हे. त्यातून टोकन हेच अधिकाराचे चिन्ह. त्याच तक्त्यात मुद्रा दुसरीच कुठली तरी निघाली तर वाचणारा अडखळेल. सर्वसाधारण उल्लेखाला 'वेळनोंद' पुरे, आणि 'टाइमस्टॅम्प' तसाच ठेवला तरी काही बिघडत नाही.

'अद्ययावत' मात्र साफ चूक आहे. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. 2019 नंतर हात न लागलेल्या ओळीपुढे 'अद्ययावत: 2019' लिहिले तर शब्द आणि आकडा एकमेकांशी भांडतात. या रकान्याला सांगायचे असते ते एवढेच, की शेवटचा बदल केव्हा झाला. त्यासाठी आपल्याकडे महसुली दप्तरातला 'फेरफार' आहे. गाव नमुना 6 ही फेरफार नोंदवही. जमिनीवरचा हक्क बदलला की तिच्यात नोंद पडते. कोणी नुसता सातबारा पाहून गेला म्हणून पडत नाही.

टोकनच्या तक्त्यात नेमका हाच भेद पुसला जातो. लॅराव्हेल या वेब-फ्रेमवर्कच्या सँक्टम या टोकन सांभाळणाऱ्या पॅकेजमध्ये टोकन वापरले की 'लास्ट यूज्ड ॲट' बदलून ओळ जतन होते, आणि त्याबरोबर 'अपडेटेड ॲट'ही आपोआप पुढे सरकतो. टोकनचे नाव किंवा अधिकार केव्हा बदलले, हे मग त्यावरून कळत नाही. म्हणून एक 'शेवटचा वापर' आणि दुसरा 'फेरफार' अशी नावे द्यायची असतील, तर वापराची नोंद करताना आपोआप भरणे तेवढ्यापुरते बंद ठेवावे. ते करायचे नसेल तर 'फेरफार' हे नावही देऊ नये.

घटनेप्रमाणे वेगळे नाव देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पेशवेकालीन पत्रांत लिहिल्याची तिथी मजकुरासोबत येते आणि पत्र हाती पडल्याची तिथी 'पैवस्ती' म्हणून वेगळी नोंदलेली सापडते. मला हा शब्द फार आवडतो. बाहेरून आलेल्या नोंदींच्या तक्त्यात तो आजही शोभेल.

राहिला 'एक्स्पायर्स ॲट'. त्याला सरळ 'मुदत' म्हणा. इतर रकाने घडून गेलेले सांगतात, हा पुढचे सांगतो, आणि तो ठरवायचा असतो, आपोआप भरायचा नसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत तक्त्यातला पहिला टाइमस्टॅम्प रकाना, त्याला रिकामे राहण्याची मुभा किंवा मूळ मूल्य दिले नसेल तर, ओळ बदलताच आपोआप चालू वेळ घेत असे. तो पहिला रकाना मुदतीचा असला, की टोकन एकदा वापरताच मुदत त्याच क्षणावर येऊन ठेपे आणि टोकन बाद होई. 8.0 मध्ये मूळ सेटिंग बदलले. तरी जुन्या सर्व्हरवर मुदतीच्या रकान्याची व्याख्या उघडून बघा, आणि तिथे 'ऑन अपडेट' (ओळ बदलताच वेळ आपोआप भरण्याची सूचना) दिसले तर ते काढून टाका.