मुलगी टेनिस शिकतेय, पण 15, 30, 40, ड्यूस काही कळत नाही. साध्या मराठीत नियम सांगाल का?

तुम्ही लिहिलंय की घरात सगळी फुटबॉलची माणसं, आणि नऊ वर्षांची मुलगी मात्र दोन महिन्यांपासून मडगावात टेनिसला जाते. पुढच्या महिन्यात तिची पहिली स्पर्धा आहे, आणि टीव्हीवर सामना लावला तरी गुणांची भाषा डोक्यावरून जाते. माझा मुलगा तेवढा होता तेव्हा मी त्याला पणजीत कोर्टवर सोडायचो आणि मिरामारच्या किनाऱ्यावर फेऱ्या मारत बसायचो. पुढे त्याच्यामुळे मीच शिकलो. आता आठवड्यातून तीन दिवस सकाळी खेळतो, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजायच्या वेळी घराबाहेर पडतो. तेव्हा मला जे कुणी सांगायला हवं होतं ते सांगतो.

फुटबॉलपासूनच सुरुवात करू. तिथे घड्याळ असतं. ऐंशीव्या मिनिटाला दोन गोलांची आघाडी असली की चेंडू पायात ठेवून वेळ काढता येतो. टेनिसमध्ये संपायची वेळच नाही. कितीही पुढे असलात तरी शेवटचा गुण तुम्हालाच जिंकावा लागतो. गुणांची सगळी विचित्र वाटणारी रचना या एका गोष्टीभोवती उभी आहे.

तीन पायऱ्या आहेत: गुण जिंकून गेम, गेम जिंकून सेट, सेट जिंकून सामना. गेममध्ये शून्याला लव्ह म्हणतात, पहिला गुण 15, दुसरा 30, तिसरा 40, आणि चौथा मिळाला की गेम तुमचा. या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करू नका, ती फक्त नावं आहेत. सर्व्हिस करणाऱ्याचे, म्हणजे पहिला चेंडू मारून गुण सुरू करणाऱ्याचे गुण नेहमी आधी बोलतात, म्हणजे तुमची मुलगी सर्व्हिस करत असेल आणि 15-40 ऐकू आलं तर ती मागे आहे. दोघी 40 वर आल्या की ड्यूस. तिथून सलग दोन गुण हवेत: पहिला मिळाला की ॲडव्हान्टेज, दुसरा मिळाला की गेम. मधला गमावला तर पुन्हा ड्यूस. हे कितीही वेळ चालू शकतं.

सहा गेम जिंकले की सेट, पण दोनचा फरक हवा. 5-5 झालं तर 7-5 पर्यंत जायचं, आणि 6-6 झालं तर टायब्रेकर. त्यात गुण सरळ 1, 2, 3 असे मोजतात. सात गुण आणि दोनचा फरक असला की सेट संपला. आधी एक जण एकदा सर्व्हिस करतो, मग दोघे आळीपाळीने दोन-दोनदा, आणि दर सहा गुणांनी बाजू बदलतात. पेपरात 7-6 (5) असं छापून येतं त्यातला कंसातला 5 म्हणजे टायब्रेकर हरलेल्याचे गुण.

पूर्वी विम्बल्डनला शेवटच्या सेटमध्ये टायब्रेकर नव्हताच. 2010 मध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून 11 तास 5 मिनिटं चालला, शेवटचा सेट 70-68. आता चारही ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांत शेवटच्या सेटला 6-6 वर दहा गुणांचा टायब्रेकर असतो. पुरुषांना तिथे पाचपैकी तीन सेट जिंकावे लागतात, महिलांना तीनपैकी दोन.

शेवटचा गुण जिंकावाच लागतो असं मी वर म्हटलं, आता त्याचा दाखला. 2019 ची विम्बल्डन अंतिम लढत. फेडररने 218 गुण जिंकले, जोकोविचने 204. जिंकला जोकोविच. पाचव्या सेटमध्ये फेडरर 8-7, 40-15 असा पुढे होता, स्वतःच्या सर्व्हिसवर, म्हणजे हातात दोन मॅच पॉइंट, त्यातला एक जिंकला की सामना त्याचा. दोन्ही गेले. जोकोविचने तिन्ही टायब्रेकर घेतले आणि शेवटचा सेट 13-12 असा संपवला (त्या वर्षी तिथे शेवटच्या सेटचा टायब्रेकर 12-12 वर होता). किती गुण मिळवले यापेक्षा कोणते मिळवले याला टेनिसमध्ये किंमत आहे. म्हणून मुलगी 1-4 ने मागे असताना चेहरा पाडून बसू नका. ती कठड्यापाशी बसलेल्या तुमच्याकडे बघत असते.

सर्व्हिसचे नियम थोडक्यात. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या टोकाच्या रेषेच्या मागे, मध्यखुणेच्या उजवीकडे उभं राहून समोरच्या तिरक्या चौकोनात चेंडू टाकायचा. पुढच्या गुणाला डावीकडून. प्रत्येक गुणाला दोन संधी. पहिली चुकली तर फॉल्ट, दुसरीही चुकली तर डबल फॉल्ट आणि गुण गेला. चेंडू नेटला घासून योग्य चौकोनात पडला तर लेट, तीच सर्व्हिस पुन्हा. मारण्याआधी पाय रेषेवर पडला तर फूट फॉल्ट. आपल्याकडे दर्यावरचा वारा सुटला की उंच टाकलेला चेंडू भरकटतो. तो तसाच हातात झेलून पुन्हा टाकायला परवानगी आहे. पण रॅकेट फिरवली आणि चुकली तर तो फॉल्टच. ज्या सर्व्हिसला समोरच्याची रॅकेटही लागत नाही ती एस, पेपरात तिला बिनतोड सर्व्हिस म्हणतात. समोरच्याच्या सर्व्हिसवर गेम जिंकला की सर्व्हिस भेदली म्हणायचं. सर्व्हिस करणाऱ्याचं पारडं जड मानतात, म्हणून भेदणं मोलाचं.

रॅलीत, म्हणजे सर्व्हिसनंतर चेंडू इकडून तिकडे चालू असताना, तो एका टप्प्यात किंवा टप्पा पडण्याआधीच परतवायचा. टप्प्याआधी मारला तर ती व्हॉली. फक्त सर्व्हिसला मात्र टप्पा पडू द्यावाच लागतो. नेटजवळची व्हॉली पाहायची असेल तर तिला लिअँडर पेसचे जुने दुहेरीचे सामने दाखवा. त्याचे वडील वेस पेस मूळ गोव्याचे, 1972 च्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्य मिळवणाऱ्या संघातले. मुलाने 1996 मध्ये अटलांटाला टेनिस एकेरीत कांस्य आणलं. एका घरात दोन ऑलिंपिक पदकं! हे आपल्या पोरांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एक नियम माझ्या मुलाला पहिल्याच सामन्यात महागात पडला. चेंडू स्पष्ट बाहेर चालला होता, हा बेसलाइनच्या मागे उभा, आणि क्रिकेटच्या सवयीने त्याने तो हातात झेलला. गुण समोरच्याला. टप्पा पडेपर्यंत चेंडू खेळात असतो. तो अंगाला किंवा कपड्याला लागला तरी गुण जातो, मग तुम्ही रेषेच्या कितीही मागे असा. रडला तो त्या दिवशी. तुमच्या मुलीला हे आजच सांगा. गुण चालू असताना नेटला हात किंवा रॅकेट लागली तरीही गुण जातो.

रेषेचा नियम तुम्हाला फुटबॉलमुळे ठाऊकच आहे: चेंडू रेषेला जराही टेकला तर तो आत. एकेरीत कोर्ट 8.23 मीटर रुंद, दुहेरीत बाजूच्या पट्ट्या धरून 10.97. लांबी दोन्हीत 23.77.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. मुलांच्या स्पर्धांत बहुतेक वेळा प्रत्येक कोर्टवर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे खेळणाऱ्यानेच सांगायचं, लगेच आणि मोठ्याने. शंका असेल तर चेंडू आत धरायचा. नीट दिसला नाही, तरीही आत. नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात हा नियम एवढा मोठा विश्वास देतो. आणि तो बिघडवतो आपण, कठड्यावरून “आउट! आउट!” ओरडून. एका स्पर्धेत एका वडिलांनी असं ओरडून आपल्याच मुलाला तीन वेळा निर्णय बदलायला लावला. चौथ्या वेळी त्या पोराने चेंडूकडे पाहिलंच नाही, सरळ बापाकडे पाहिलं. ते मला अजून आठवतं.

गुणसंख्येवरून वाद झाला तर त्यालाही रीत आहे. एक म्हणते 30-15, दुसरी म्हणते 15-30. तर कोणकोणते गुण दोघींना मान्य आहेत ते आठवायचं. फक्त पहिल्या गुणावर वाद असेल आणि बाकीचे दोन दोघींत एकेक गेलेले असतील, तर 15-15 पासून पुढे खेळायचं. हे टाळायला सर्व्हिस करणारीने प्रत्येक गुणाआधी आकडा मोठ्याने बोलायचा. ही सवय आत्ताच लावा.

जाण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारा. सेट सहा गेमचा की चारचा, आणि ड्यूसनंतर ॲडव्हान्टेज की एकच निर्णायक गुण. लहानांच्या सामन्यांत दोन्ही प्रकार चालतात. चेंडूचा रंगही पाहून घ्या. दहा वर्षांपर्यंतच्या स्पर्धांसाठी लाल, नारिंगी आणि हिरव्या ठिपक्याचे मंद चेंडू असतात. ती सरावात ज्याने खेळते तोच स्पर्धेत आहे ना, एवढं बघा. पहिल्या गेमनंतर आणि मग दर दोन गेमनी बाजू बदलतात, तेव्हा पाणी प्यायची आठवण तिला आधीच देऊन ठेवा, ऑक्टोबरच्या उन्हात तर नक्कीच.

दुहेरीत सर्व्हिसचा क्रम कसा लागतो ते ती दुहेरी खेळायला लागली की विचारा, तेव्हा लिहीन.