टेनिसला आपल्या तोडीचा पार्टनर कुठे शोधायचा?

प्रश्न : नमस्कार ताई, मी बाणेरला राहते, वय 38. 2023ला बालेवाडीत महाराष्ट्र ओपन बघितली आणि डोक्यात टेनिस शिरलं ते शिरलंच, लगेच सकाळच्या अ‍ॅडल्ट बॅचला नाव घातलं. कोच म्हणतात फोरहँड छान आहे. पण मॅच खेळायला कुणीच नाही! सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘टेनिस पार्टनर हवाय, लेव्हल इंटरमीडिएट’. एक दादा आले, ते कॉलेजच्या टीमकडून खेळलेले, 6-0, 6-0 झालं आणि त्यानंतर त्यांचा फोन कायम बिझी. मग एक काकू आल्या, त्यांची रॅकेट दुकानाच्या प्लास्टिकमध्येच होती. माझ्यासारखं मधलं कुणी पुण्यात नाहीच आहे का?

उत्तर : खंडीभर आहेत हो, सगळे तुमच्यासारखेच ‘इंटरमीडिएट’ म्हणून मेसेज टाकतात आणि मग कुणालाच कळत नाही कोण कुठे आहे. अमेरिकेत यासाठी खेळाडूची लेव्हल मोजणारी एनटीआरपी नावाची पट्टी आहे, 1.0 पासून 7.0 पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने चढणारी, आणि हौशी लोक बरेचसे 2.5 ते 4.0 मध्येच असतात. आपल्याकडे सोसायटीच्या ग्रुपवर 3.0 लिहिलं तर लोक फ्लॅटचा एरिया विचारतील. त्यामुळे आकडा सोडा, खेळ लिहा. म्हणजे ‘बेसलाइनवरून मध्यम स्पीडने सात-आठ बॉलची रॅली होते, बॅकहँड कच्चा आहे, सेकंड सर्व्हिस हळू पण आत पडते, नेटवर जात नाही, शनिवार-रविवार सकाळी सात वाजता’. एवढं वाचून समोरच्याला बरोबर अंदाज येतो, आणि कॉलेजवाले दादा आपणहून बाजूला होतात.

आता थोडं कडू बोलते. कोच टोपलीतून बॉल फीड करतात ना, तो प्रत्येक वेळी त्याच उंचीवर, त्याच जागी येतो, तिथे सगळ्यांचाच फोरहँड छान दिसतो. मॅचमध्ये बॉल एकदा पायाशी, एकदा डोक्यावर, एकदा लाइनला घासून येतो, शिवाय मध्ये पॉइंटचं टेन्शन. म्हणून टोपलीवर आपण जिथे आहोत असं वाटतं त्याच्या एक पायरी खालीच स्वतःला धरा. कमी सांगून चांगलं खेळलेलं लोकांना आवडतं, उलटं झालं की पुढच्या वेळी फोन बिझी.

शोधायचं कुठे, तर आधी मार्करला पकडा. कोर्टवर जो पैसे घेऊन नॉकिंग देतो, म्हणजे समोर उभा राहून आपल्याशी खेळतो, तो मार्कर, आणि कोण किती पाण्यात आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, सेक्रेटरीलाही नाही. त्याच्याबरोबर एक तास घ्या, जाताना विचारा की दादा, माझ्या जोडीचं इथे कोण येतं? तो दोन नावं हमखास सांगेल, वर ‘त्यांचा लॉब (डोक्यावरून जाणारा उंच बॉल) जरा बघा’ हेही सांगेल. दुसरं म्हणजे तुमचीच बॅच, आणि हे लोक अजिबात करत नाहीत, वर्ष-दीड वर्ष एका रांगेत उभं राहून बॉल मारतात पण एकमेकांचा नंबर घेत नाहीत! मोठ्या क्लबमध्ये मेंबर नसाल तर पाहुणे म्हणून गेस्ट फी भरून खेळता येतं का ते आधी विचारून घ्या, प्रत्येकाचे नियम वेगळे. प्लेओसारख्या अ‍ॅपवर अनोळखी लोकांच्या गेममध्ये शिरता येतं, पण तिथे बॅडमिंटन आणि हल्ली पिकलबॉलचीच गर्दी जास्त. (टेनिस कोर्टवर पिकलबॉलच्या लाइनी मारायचा जो सपाटा लागलाय त्याबद्दल मी इथे बोलत नाही, संपादक कापतील.)

पहिल्या भेटीत अख्खी मॅच लावू नका. आधी दोघी सर्व्हिस बॉक्समध्ये उभ्या राहून हळू मिनी टेनिस, मग मागे जाऊन क्रॉसकोर्ट म्हणजे तिरपी रॅली, आणि शेवटी सात पॉइंटचे दोन-तीन टायब्रेक. 7-5, 4-7 असं काही झालं तर नंबर सेव्ह करा. सगळे 7-1 झाले तर हसून चहा प्या आणि दोघींनी दुसरं कुणी शोधा, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

आणि ते कॉलेजवाले दादा हातचे सोडू नका. त्यांना कंटाळा आला कारण त्यांना त्या तासात काहीच मिळालं नाही. पुढच्या वेळी बॉलचा नवा डबा तुम्ही न्या, आणि हँडिकॅप लावा : त्यांना एकच सर्व्हिस, तुम्हाला प्रत्येक गेमला 30-0ची आघाडी, तुमच्या बाजूला फक्त सिंगल्स कोर्ट तर त्यांच्या बाजूला डबल्सच्या कडेच्या गल्ल्यांसकट सगळं कोर्ट तुम्हाला मारायला मोकळं. मग बघा त्यांनाही घाम फुटतो. तसाच एखादा तास काकूंनाही द्या, त्यांना लाल किंवा हिरव्या ठिपक्याचा हळू बॉल दिला तर महिनाभरात त्या रॅली करायला लागतील.

प्रश्न : ताई, वय 63, दादर. गुडघ्यामुळे सिंगल्स बंद. आमच्या जवळच्या कोर्टवर सकाळी डबल्सचे ग्रुप असतात पण प्रत्येकाची चौकडी ठरलेली, आत कुणी घेत नाही.

उत्तर : काका, तुम्ही पाचवे व्हा. ठरलेल्या चौकडीत रोज कुणाचा तरी पाय मुरगळलेला असतो, नाहीतर नातवाची शाळा असते, आणि सव्वासहाला ‘आज जमत नाही’ असा मेसेज पडतो. तेव्हा कपडे करून कोर्टवर हजर असलेला माणूस त्यांना देवासारखा वाटतो. ग्रुपमधल्या एकाला फक्त सांगून ठेवा की कधीही बोलवा. डबल्सला सर्व्हिस आत आणि रिटर्न क्रॉसकोर्ट एवढं जमलं की पुष्कळ, आणि पहिल्या महिन्यात लाइन कॉलवरून वाद घालू नका, बॉल डाउटफुल असेल तर पॉइंट त्यांना. शक्य असेल तर मातीचं कोर्ट बघा, सिमेंटपेक्षा गुडघ्याला बरं, फक्त पावसाळ्यात ते बंद असतं.

प्रश्न : जॉबसाठी न्यू जर्सीला आलोय, शाळेत असताना जिल्हा लेव्हलला खेळलोय, इथे ओळखीचं कुणी नाही. लीगला स्वतःचं रेटिंग स्वतःच द्यायचं म्हणतात, कमी देऊ का? सोपे पार्टनर मिळतील.

उत्तर : नको रे बाबा. यूएसटीए म्हणजे तिथल्या टेनिस संघटनेच्या लीगमध्ये सेल्फ-रेट करताना आधी काय काय खेळलात ते विचारतात, ते खरं लिही. पुढे तुझ्या प्रत्येक मॅचचा स्कोअर कॉम्प्युटर बघत असतो आणि लेव्हलच्या फारच वर खेळताना तीनदा सापडलास की सीझनच्या मध्येच डिस्क्वालिफाय करतात, मग टीमचेही पॉइंट जाऊ शकतात आणि नव्या गावात पहिलीच ओळख ती. दोन लेव्हलच्या मध्ये अडकत असशील तर वरची घे. टीममध्ये शिरायचा रस्ता कॅप्टनमार्फत असतो, नाव नोंदवायला लागणारा टीम नंबर तोच देतो, म्हणून आधी तुझ्या भागातल्या लीग कोऑर्डिनेटरला मेल टाक आणि कुठल्या टीमला माणूस कमी पडतोय ते विचार. थंडी सुरू व्हायच्या आत कर हे, नंतर सगळे इनडोअर कोर्टवर जातात आणि तिथला तासाचा रेट ऐकून तुला पुण्याची आठवण येईल.