हनोईतले पहिले दोन दिवस : वाचकांचे प्रश्न

पाठीवर सॅक टाकून व्हिएतनामला निघालेल्या वाचकांचे बरेच प्रश्न या महिन्यात आले. त्यातले चार इथे घेतले आहेत.

प्रश्न : हनोईच्या जुन्या भागात राहणार आहे. तिथल्या रस्त्यांचे व्हिडिओ बघून धडकी भरते. पुण्यात वाढल्यामुळे दुचाक्यांची सवय आहे, मग तिथे वेगळं काय? (पुणे)

आधी मानेची सवय बदला. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणजे पहिला लोंढा तुमच्या डावीकडून येतो. आपण सवयीने उजवीकडे बघून पाऊल टाकतो आणि पहिल्या दिवशीचे बहुतेक प्रसंग तिथेच ओढवतात.

दुसरं म्हणजे दुचाकीवाल्याचा हिशोब. आपल्याकडे आपण हात दाखवतो, थबकतो, मग पळत सुटतो. हनोईत तुमच्या चालीवरून पुढच्या क्षणी तुम्ही कुठे असाल, याचा अंदाज बांधून तो तुमच्या पुढून किंवा मागून वळसा घेतो. त्यामुळे हळू आणि एकाच वेगाने चालत राहायचं. घाबरून एक पाऊल मागे घेतलंत, तर त्याने जायला धरलेल्या जागेतच तुम्ही शिरता. पळणंही तितकंच वाईट. मात्र मोटारी आणि बस असा वळसा घालत नाहीत. त्या पुढे गेल्याशिवाय फुटपाथवरून उतरू नका. पहिल्या एक-दोन वेळा रस्ता ओलांडणाऱ्या स्थानिक माणसाच्या शेजारी, लोंढ्याच्या पलीकडच्या अंगाला राहून चला. मोठ्या चौकात सिग्नल असला तरी उजवीकडे वळणाऱ्या दुचाक्या येतच राहतात, आणि फुटपाथवरही त्या उभ्या असतात किंवा चढून येतात.

स्कूटर भाड्याने घेण्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे. आमचं स्पष्ट मत : घेऊ नका. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा कराराखालचा असतो, व्हिएतनाम १९६८चा व्हिएन्ना करार मानतो. दुकानदार परवाना न बघता चावी देईल, पण ५० सीसीवरच्या गाडीवर अपघात झाला तर परवाना वैध नाही म्हणून प्रवास विमा दावा नाकारू शकतो.

प्रश्न : लाखांच्या नोटांचा हिशोब कसा ठेवायचा? (नाशिक)

रुपयाला साधारण ३०० डोंग धरा. शेवटची तीन शून्यं सोडा, उरलेल्या आकड्याला दहाने गुणा आणि तीनने भागा. ४५,००० डोंग म्हणजे ४५, मग ४५०, मग १५० रुपये. तिथले लोकही बोलताना हजार गाळतात. ‘पन्नास’ म्हणजे पन्नास हजार.

खरा घोळ रंगाचा आहे. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर, दोन्हींवर हो चि मिन्ह. मोठी नोट लहान नोटेपेक्षा जेमतेम दीड सेंटिमीटरने लांब. मागची बाजू बघा : लहान नोटेवर होई आनचा छप्पर असलेला पूल, मोठीवर हो चि मिन्ह यांचं जन्मगावचं घर. अंधारात टॅक्सीचे पैसे देताना ६६ रुपयांच्या जागी साडेसोळाशे जातात, तेव्हा पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. प्लास्टिकच्या नव्या नोटा एकमेकींना चिकटतात, म्हणून प्रत्येक नोट बोटांनी चोळून मोजा.

हुआन किएम तळ्याजवळ फळं विकणारी बाई कावड आपणहून तुमच्या खांद्यावर ठेवते, फोटो काढू देते आणि मग पैसे मागते. कावड खांद्यावर येण्याआधीच मान हलवून नाही म्हणा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. उपाशी राहावं लागेल का? (कोल्हापूर)

नाही, पण ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासळी आंबवून केलेला ‘नुओक माम’ हा रस भाजीत, सॅलडमध्ये, चटणीत सगळीकडे पडतो, आणि नुसत्या भाज्यांचा दिसणारा फो (नूडल्सचं सूप) बहुधा हाडांच्या पाण्यात शिजलेला असतो. तिथला शब्द आहे ‘चय’, अर्थात बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. पाटीवर सी, एच, ए, वाय ही चार अक्षरं शोधा. उच्चाराचा सूर चुकला तर अर्थ बदलतो, म्हणून ‘मी चय खातो, नुओक माम नको’ हे व्हिएतनामीत लिहून फोनवर दाखवा. चहा मागताना ‘चाय’ म्हणू नका, हनोईत त्याला ‘चा’ म्हणतात.

चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी अनेक लोक शाकाहार पाळतात, तेव्हा एरवी मांस विकणाऱ्या टपऱ्यांवरही चय मिळतं. म्हणजे आपली अमावास्या-पौर्णिमा, एखादा दिवस इकडेतिकडे. कॅलेंडर सोबत ठेवा. ताटात कोळंबी किंवा कोंबडीच्या आकाराचं काही आलं तर दचकू नका. चय खानावळीत ते सोयाबीनचं किंवा कणकेतल्या चिकट अंशाचं असतं.

प्रश्न : अनोळखी लोक भेटताच वय विचारतात म्हणे. याचं काय करायचं? (ठाणे)

सरळ सांगायचं. वय कळल्याशिवाय त्यांना तुमच्याशी बोलायला शब्दच सापडत नाही. व्हिएतनामीत ‘मी’ आणि ‘तू’ नात्यावरून ठरतात : थोरला पुरुष ‘आन’, थोरली बाई ‘ची’, धाकटं कुणीही ‘एम’. आणि बोलणाराही स्वतःला नात्यानेच संबोधतो. आपली आजी नातवाला ‘आजी तुला खाऊ देईल’ म्हणते ना, अगदी तसं, फक्त दिवसभर आणि सगळ्यांशी. ठाण्यात रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्यांना हे दोन दिवसांत जमतं. पोरसवदा वेटरला ‘एम अय!’ अशी हाक मारा. तिथे ती उद्धट वाटत नाही. वयाने मोठ्या बाईला मात्र ‘एम’ म्हणू नका, ‘ची’ म्हणा, आणि आईच्या वयाची असेल तर ‘को’.